सुपर ८ कॅमेऱ्यात कोडाक्रोम ४० ऐवजी आता कुठली फिल्म घालायची?

देवरुखची लेक | १४ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. घराची डागडुजी काढलीय, म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली आणि तिच्यात दादांचा सुपर ८ कॅमेरा सापडला, म्हणजे ८ मिमीच्या फिल्मवर घरगुती चलचित्रं घ्यायचा. दादा म्हणजे माझे वडील, वय ८१. १९७६ साली बहारीनला नोकरीला होते तेव्हा घेतलेला कॅनन. चामडी पेटी बुरशीने पांढरी झालीय, पण आत आईने मेणकापडात गुंडाळून डांबरगोळ्या घातलेल्या, त्यामुळे भिंग स्वच्छ. एए सेल घालून घोडा दाबला तर चक्क घर्रर्र करून चालला! आवाज ऐकून दादा पलीकडच्या खोलीतून उठून आले.

सोबत अकरा रिळं आहेत आणि पिवळ्या डब्यांत तीन कार्ट्रिज, तिन्ही कोडाक्रोम ४०, कोडॅकची जुनी रंगीत फिल्म. दोन कोऱ्या दिसतात. तिसरीच्या खिडकीत फिल्मवर ‘एक्स्पोज्ड’ असं छापलेलं दिसतंय.

भाद्रपदात घरी गणपती आहे आणि दादांच्या मनात एकदा याच कॅमेऱ्यावर गणपती घ्यायचा आहे. त्या दोन कोऱ्या वापरता येतील का? नसतील तर आता काय मिळतं, आणि त्यातलं कोडाक्रोमच्या जवळचं कुठलं? मला फिल्ममधलं काही कळत नाही. आधीच सांगून ठेवते.

ठाणेकर बंड्या | १४ जून, रात्री १०.०५

मोबाईलवर काढा, वर जुनाट दिसणारा फिल्टर लावा. दादांना सांगू नका. हाय काय नाय काय.

देवरुखची लेक | १४ जून, रात्री १०.१२

बंड्या, गेल्या वर्षी दादांना मोबाईल दिला होता. अख्खी आरती अंगठा लेन्सवर ठेवून काढली. आज कॅमेरा हातात आला तर आपोआप डावा डोळा मिटला आणि श्वास रोखला. तेव्हा मोबाईल नको.

रिळवाला | १५ जून, सकाळी ७.३०

ताई, आधी वाईट बातमी. कोऱ्या कोडाक्रोमचा रंगीत फिल्म म्हणून उपयोग शून्य. बाकीच्या रंगीत फिल्ममध्ये रंग तयार करणारी द्रव्यं फिल्मच्या थरातच असतात. कोडाक्रोममध्ये नसतात. ती मुळात तीन थरांची कृष्णधवल फिल्म, रंग धुताना बाहेरून चढवायचे. त्या धुण्याला के-१४ म्हणत. १९३५ पासून चाललेला हा संसार. सुपर ८ मधलं कोडाक्रोम कोडॅकने २००५ मध्ये बंद केलं, २००९ मध्ये सगळंच. जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावात होती, तिने ३० डिसेंबर २०१० नंतर फिल्म घेणं थांबवलं. त्यानंतर जगाच्या पाठीवर कोणीही कोडाक्रोम रंगीत धुऊन देत नाही. कोणी देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

तिसरी, म्हणजे चित्रण झालेली, मात्र टाकू नका. ती कृष्णधवल म्हणून धुता येते. चाळीस वर्षं कोकणच्या दमटात पडलेली, त्यामुळे धुरकट निघेल, पण काहीतरी निघेल. असल्या जुन्या फिल्म धुणाऱ्या लॅब परदेशात आहेत. त्या साठवून साठवून एकदम धुतात, म्हणून महिने लागतात.

दोन कोऱ्यांचं एक काम आहे: चाचणी. एक कार्ट्रिज घ्या, खिडकीत दिसणाऱ्या फिल्मवर मार्करने रेघ मारा, कॅमेऱ्यात घाला, दहा सेकंद चालवा, उघडा. रेघ गेली असेल तर कॅमेरा फिल्म ओढतोय. तिथेच असेल तर नुसताच घरघरतोय. नवी फिल्म घालण्याआधी हे करा, कारण एक कार्ट्रिज, धुणं आणि स्कॅन मिळून चांगली चार आकडी रक्कम जाते आणि मिळतात सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने तीन मिनिटं वीस सेकंद.

‘कोडाक्रोमच्या जवळचं कुठलं’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. मला एवढंच सांगा, बघणार कशावर? भिंतीवर प्रोजेक्टर लावून, की टीव्हीवर?

न्यूजर्सीकर आबा | १५ जून, सकाळी ८.१५

रिळवाले, विचारायचं काय त्यात? एक्टाक्रोम! पोरी, डोळे मिटून एक्टाक्रोम १००डी घे. २०१२ मध्ये बंद केली होती, २०१८ मध्ये कोडॅकने परत आणली. रिव्हर्सल आहे, धुऊन आली की सरळ प्रोजेक्टरवर चढव. निळं आभाळ बघून जीव सुखावतो. कोडाक्रोमचा तो लाल नाही मिळणार, पण आज रंगीत आणि पडद्यावर थेट दिसणारी म्हणशील तर दुसरं आहे काय?

मी १९७९ पासून सुपर ८ करतोय. कोडाक्रोम गेल्यावर कोडॅकने एक्टाक्रोम ६४टी गळ्यात मारली, ती मला कधीच पटली नाही, दाणेदार आणि मरगळलेली. मग आम्ही जर्मनीत कापलेली अॅग्फाची २००डी वापरली, विमानातून जमिनीचे फोटो काढायची फिल्म ती! त्यामानाने आजची १००डी म्हणजे चैन आहे.

रिळवाला | १५ जून, सकाळी ९.०२

आबा, तुमचं बरोबर, तुमच्या कॅमेऱ्यापुरतं. तुमच्याकडे हाताने भिंगाचं छिद्र (उजेड किती आत घ्यायचा ते) लावता येतं आणि तुम्हाला ते कळतं. ताईंच्या कॅमेऱ्याचं अजून माहीत नाही.

ताई, दार उघडा. कार्ट्रिज बसते त्या खणात, फिल्मच्या दरवाज्याच्या बाजूला, कार्ट्रिजच्या कडेला टेकणाऱ्या छोट्या दांड्या असतील, दाबल्या की आत जाणाऱ्या. त्या मोजा. प्रत्येक कार्ट्रिजच्या कडेला खाच कापलेली असते. दांडी खाचेत पडून बाहेरच राहिली, का दाबली गेली, यावरून कॅमेरा फिल्मचा वेग, म्हणजे तिला उजेड किती लागतो ते, ओळखतो. महाग कॅमेरे बरेच वेग ओळखतात. घरगुती बरेचसे दोनच: ४० आणि १६०. त्या काळात बाजारात मुख्यतः त्याच होत्या ना.

देवरुखची लेक | १५ जून, दुपारी १.२०

वेगासाठी एकच दांडी दिसते. खाली अजून एक बारकी आहे. बाहेरच्या बाजूला एक स्विच, त्यावर सूर्याचं आणि बल्बचं चित्र. रेघेची चाचणी केली, रेघ गेली! प्रोजेक्टर आहे, पण आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झालाय. म्हणजे टीव्हीवरच.

रिळवाला | १५ जून, दुपारी २.१०

मग एक्टाक्रोम नको. कॅमेरा १०० ची फिल्म एकतर १६० समजेल किंवा ४०. १६० समजला तर दोन तृतीयांश स्टॉप कमी उजेड (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), ४० समजला तर एक आणि एक तृतीयांश जास्त. रिव्हर्सलला एवढी चूक सोसत नाही. एका बाजूला काळोख, दुसऱ्या बाजूला पांढरंफटक, आणि जे धुऊन आलं तेच अंतिम.

तुम्ही निगेटिव्ह घ्या. कोडॅकची व्हिजन ३. सुपर ८ मध्ये ती ५०डी, २००टी आणि ५००टी मिळते. ‘डी’ उन्हासाठी, ‘टी’ पिवळ्या बल्बसाठी. निगेटिव्ह जास्त उजेड हसत खाते, एक-दीड स्टॉप जास्त गेला तर उलट दाणा बारीक दिसतो. कमी उजेड मात्र तिलाही चालत नाही. ५० ला कॅमेरा ४० समजला तर उत्तम. १६० समजला तर दांडीची स्थिती बदलण्याची युक्ती करावी लागेल. ते कार्ट्रिज हातात आल्यावर बघू.

आरसपानी | १५ जून, संध्याकाळी ६.४५

मी मुंबईत स्कॅनिंग आणि कलरचं काम करते. स्कॅनच करणार असाल तर निगेटिव्हला माझंही मत. पण दोन गोष्टी.

एक, ही फिल्म कोपऱ्यावरच्या कलर लॅबमध्ये देऊ नका. तिथे सी-४१ पद्धतीचं धुणं असतं, ही सिनेमाची निगेटिव्ह, हिला ईसीएन-२ पद्धतीचं लागतं. शिवाय हिच्या पाठीला काजळीसारखा काळा थर असायचा, तो आधी अल्कलीत भिजवून उतरवावा लागतो, नाहीतर लॅबचं सगळं रसायन काळं होतं. कोडॅक आता तो थर काढून टाकतंय, पण दुकानात जुना माल असू शकतो. आणि १५ मीटरची ही बारीक पट्टी गुंडाळायला साध्या फोटो लॅबकडे साधनही नसतं.

दोन, स्कॅन करणाऱ्याला ‘फ्लॅट’ स्कॅन द्या म्हणून सांगा. बघायला राखाडी, मेलेलं दिसेल, घाबरू नका. सगळी माहिती त्यात असते. रंग नंतर चढवता येतात. तुमच्या जुन्या कोडाक्रोम रिळातली एक फ्रेम मला नमुना म्हणून मिळाली तर मी त्या लालच्या जवळपास नेऊ शकते. तिथवर पोचेन असं म्हणत नाही.

न्यूजर्सीकर आबा | १५ जून, संध्याकाळी ७.३०

म्हणजे फिल्मवर काढायचं, कॉम्प्युटरवर रंगवायचं आणि टीव्हीवर बघायचं. मग बंड्या काय वाईट सांगत होता?

ठाणेकर बंड्या | १५ जून, संध्याकाळी ७.३३

आबा, तुमच्या तोंडात साखर पडो. कोडॅकने आता सुपर ८ चा नवीन कॅमेरा पण काढलाय म्हणे, दादांना तोच घेऊन द्या की.

न्यूजर्सीकर आबा | १५ जून, संध्याकाळी ७.४१

५,४९५ डॉलर. दादांना देऊन तू फेड.

ठाणेकर बंड्या | १५ जून, संध्याकाळी ७.४२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सोळा_फ्रेम | १६ जून, सकाळी ११.००

धाग्यात घुसतो, माफ करा. माझ्याकडे आजोबांचा रशियन क्वार्झ आहे, चावीचा. त्यात सुपर ८ चालेल का? कार्ट्रिजला जागाच दिसत नाही, दोन चाकं आहेत.

रिळवाला | १६ जून, दुपारी १२.१५

नाही. तो रेग्युलर ८, म्हणजे डबल ८. १९३२ सालची पद्धत. फिल्म १६ मिमी रुंद, २५ फूट. अर्धी रुंदी एका बाजूने, मग सावलीत रीळ काढून उलटं घालायचं आणि उरलेली अर्धी. धुतल्यावर मधोमध चिरून जोडली की ५० फूट. साधी १६ मिमीची फिल्म घालू नका, तिच्यात भोकं निम्मी असतात, पंजा अडकेल. चेक देशातल्या फोमा कंपनीची फोमापान आर १०० डबल ८ मध्ये येते, कृष्णधवल, रिव्हर्सल. आजोबांच्या कॅमेऱ्याला शोभेलही. बॅटरी नाही, खाचा नाहीत, दांड्या नाहीत. मला विचाराल तर सुपर ८ पेक्षा हा प्रकार कमी कटकटीचा आहे, पण ते या धाग्यात नको.

सोळा_फ्रेम | १६ जून, दुपारी १२.२०

धन्यवाद! वेगळा धागा काढतो.

देवरुखची लेक | १८ जून, रात्री ८.५०

सगळं दादांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, गणपती मूर्तिकाराकडून डोक्यावरून आणतात, मेरेवरून (शेताच्या बांधावरून), तेव्हा पाऊस नाहीतर ढग. आणि आरती घरात, समईवर. पूर्वी ते आरती घेतच नसत, ‘काळोख यायचा’. आता घेता येईल का? आणि रच्याकने (बाय द वे), उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई हलत नाहीये. एए सेल तर नवे आहेत.

रिळवाला | १९ जून, सकाळी ७.१०

सुईला वेगळे सेल असतात, बटणासारखे, बहुतेक हँडलजवळ किंवा बाजूच्या झाकणाखाली. मूळचे पाऱ्याचे, १.३५ व्होल्टचे, ते आता मिळत नाहीत. आजचे दीड व्होल्टचे घातले तर सुई खोटं बोलू शकते. कानयंत्राचे ६७५ नंबरचे झिंक-एअर सेल साधारण १.४ देतात, जवळ जातात. आकाराने लहान पडतात, भोवती नळाचा वायसर बसवा. स्टिकर काढल्यापासून दीड-दोन महिने टिकतील, म्हणून गणपतीच्या आदल्या दिवशीच काढा.

आता उजेड. १८ फ्रेमला शटर साधारण एक चाळीसांश सेकंद. कडक उन्हात ५०डी ला छिद्र एफ १६ च्या किंचित पुढे जाईल (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक). ढगाळ असेल तर तीनेक स्टॉप खाली, एफ ५.६ ते ८. म्हणजे मेरेवरून येणारा गणपती ५०डी वर आरामात. पाऊस दाटला तरी अजून तीन स्टॉप हातात आहेत. तिथे ५००टी घेऊन गेलात आणि मध्येच ऊन पडलं तर छिद्र एफ ५० च्याही पलीकडे हवं होईल, तेवढं बारीक होतच नाही.

घरात मात्र ५००टी. तुम्हाला वाटेल, कॅमेरा १६० च्या वर ओळखत नाही, मग काय उपयोग? उपयोग आहे. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा छिद्र सताड उघडून बसणार, तो काहीही समजो. तिथून पुढे फिल्मचा खरा वेग कामाला येतो. नुसत्या समईवर मूर्ती दिसणार नाही, ज्योत तेवढी दिसेल. दोन चांगले बल्ब लावा, पिवळे. पांढऱ्या एलईडीत या फिल्मवर निळसर येतं. आरसपानी ताई काढतील, पण आधीच का द्या त्यांना काम?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो सूर्य-बल्ब स्विच. दादांना समोर बसवून वाचून दाखवा. कोडाक्रोम ४० ही बल्बची फिल्म होती. उन्हात ती वापरताना कॅमेऱ्यातली नारिंगी काच मध्ये आणायची, म्हणून स्विच सूर्यावर. फिल्मचा वेग तेव्हा २५ व्हायचा. ५०डी मुळातच उन्हाची आहे. तिला ती काच नको. म्हणजे उन्हात असूनही स्विच बल्बवर. घरात ५००टी, तेव्हाही बल्बवर. म्हणजे तुमच्या दोन्ही फिल्मना स्विच हलवायचाच नाही. खालची बारकी दांडी हेच काम आपोआप करते म्हणतात, पण तिच्यावर विसंबू नका. भिंगातून आत बघून काच दिसते का ते बघा.

देवरुखची लेक | १९ जून, सकाळी ९.३०

कानयंत्राचा ६७५? दादांच्या कानात तोच आहे! आईला सांगितलं तर म्हणाली, कॅमेऱ्याला तरी ऐकू येऊ दे.

न्यूजर्सीकर आबा | १९ जून, सकाळी १०.४५

फिल्म इथून कोणाबरोबर मागवणार असशील तर हातातल्या बॅगेत, आणि विमानतळावर हाताने तपासा म्हणून विनंती करायची. बॅगा तपासायच्या नव्या सीटी मशीनमधून गेली की ५००टी धुरकटते. सामानातल्या बॅगेत तर मुळीच नको. माझा पुतण्या ऑगस्टमध्ये येतोय, त्याच्याकडे देतो दोन. एक्टाक्रोम देत नाही, घाबरू नकोस.

देवरुखची लेक | ११ फेब्रुवारी, रात्री ९.१५

धागा वर काढतेय. उशीर झाला, पण सगळं हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

५०डी घातल्यावर दांडी कोरी कोडाक्रोम घातल्यावर असायची तिथेच राहिली, म्हणजे कॅमेऱ्याने ४० धरलं. ५००टी ची आरती रिळवाले म्हणाले तशीच आलीय. दाणा आहे, पण आईच्या नाकातली चमकी चमकताना दिसते. दोन पिवळे बल्ब भावाने टोपलीच्या आड लपवले होते. समया छान दिसतात.

मेरेवरचा भाग. पहिली दोन मिनिटं बघून मी गप्पच बसले. भाताचा हिरवा, गणपतीवरचा लाल रुमाल, भावाच्या पाठीला चिकटलेला ओला सदरा. मग व्हाळ ओलांडतात तिथून सगळं एकदम नारिंगी! उजेड ठीक आहे, पण रंग असे की भाद्रपदातच भात पिकलंय. आधी वाटलं लॅबने काही घोटाळा केला. मग आठवलं, व्हाळावर ढग बाजूला झाले होते आणि लख्ख ऊन पडलं होतं. ऊन पडल्याबरोबर दादांचा अंगठा स्विचवर गेला असणार. विचारलं तर म्हणाले, ‘मी काही केलं नाही.’ पाच मिनिटांनी म्हणाले, ‘ऊन होतं ना पण.’

आरसपानी | ११ फेब्रुवारी, रात्री १०.००

हो, ती फाईल मी बघितली. निळा थर उपाशी राहिलाय, पण निगेटिव्ह असल्याने बराच परत आला. आभाळ आलं, भात पुन्हा हिरवं झालं. सावल्यांत थोडा तांबूसपणा राहील. एक्टाक्रोमवर हे झालं असतं तर तसंच राहिलं असतं. आबा, ऐकताय ना?

न्यूजर्सीकर आबा | ११ फेब्रुवारी, रात्री १०.२०

ऐकतोय. माझ्या अंगठ्याला तशी सवय नाही. त्या जुन्या कार्ट्रिजचं काय झालं?

देवरुखची लेक | १२ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

ती आली. पाच महिने लागले. कृष्णधवल, आणि धुक्यातून बघितल्यासारखी. बहुतेक लांबी नुसती राखाडी आहे. मध्येच एका जागी साधारण पंधरा सेकंद चित्र आहे: आजीचे हात, मोदकाच्या कळ्या काढताना. चेहरा नाही. बांगड्या वर सरकवलेल्या, बोटं पाण्यात बुडवून पुन्हा पीठ. दादांना विचारलं, फक्त हातच का घेतले? म्हणाले, ‘फिल्म थोडी उरली होती, संपवायची होती.’

रिळवाला | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

ते मूळ रीळ ट्रंकेत परत ठेवू नका. डांबरगोळ्यांबरोबर तर नाहीच. हवा खेळेल अशा डब्यात, घरातल्या सगळ्यात कोरड्या कपाटात. पावसाळ्यात सिलिका जेल घाला, निळ्याचं गुलाबी झालं की बदला. अकरा जुन्या रिळांना आंबट वास येतोय का तेही हुंगून बघा. येत असेल तर ती वेगळी ठेवा आणि आधी ती स्कॅन करा.

न्यूजर्सीकर आबा | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

आणि यंदाच्या गणपतीला? एक तरी एक्टाक्रोम? मी पाठवतो, माझ्या खर्चाने.

देवरुखची लेक | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.५२

आबा, प्रोजेक्टरचा पट्टा मिळू दे, मग बघू. तोवर ५०डीच. स्विच बल्बवर करून वर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी तीन वेढे गुंडाळलीय. दादा काल नखाने तिची कड शोधत होते.